भिंतीच्या पोटातली ओल : प्रीफॅब घरांविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत प्रीफॅब घरांतील, म्हणजे कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर जोडून उभारलेल्या घरांतील, ओलीविषयीची पत्रे इतकी अधिक आहेत की या वेळची सर्व जागा त्याच विषयाला द्यावी असे ठरवले आहे. गंगापूर धरणाचा परिसर, त्र्यंबक रस्ता, अंजनेरी, घोटी या पट्ट्यात अशी घरे झपाट्याने उभी राहत आहेत. ती हलकी असतात, लवकर उभी राहतात आणि नीट बांधली तर चांगली टिकतातही. परंतु आपल्या नाशिक जिल्ह्यात पाऊस सर्वत्र सारखा नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास असतो आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास येतो. असे असूनही कंपन्या या तिन्ही ठिकाणी भिंतीचा एकच नकाशा वापरतात, आणि माझ्या मते पुढील बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : गिरणारे रस्त्यालगत आमचे सुमारे नऊशे चौरस फुटांचे प्रीफॅब घर आहे. हलक्या पोलादी चौकटीवर बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड व टेक्स्चर रंग, आतून जिप्सम बोर्ड आणि मध्ये ग्लासवूल (काचतंतूंचा उष्णतारोधक थर) अशी भिंत आहे. पहिले दोन पावसाळे निर्धास्त गेले. यंदा आषाढात पश्चिमेकडील शयनगृहात कोंदट वास येऊ लागला आणि कपाट सरकवल्यावर मागे काळे ठिपके दिसले. छताला डाग नाही, भिंत हाताला ओली लागत नाही. घर बांधून देणारे म्हणतात की हा पावसाळी दमटपणा आहे. रंगारी ओलरोधक रंग लावू म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, गिरणारे रस्ता

उत्तर : सर्वप्रथम रंगाऱ्याला थांबवावे. विटेच्या किंवा दगडाच्या जाड भिंतीत शिरलेले पाणी त्याच भिंतीच्या अंगात मुरते, पृष्ठभागावर पोपडे किंवा लोणा दिसतो आणि उघडीप पडली की भिंत दोन्ही बाजूंनी हळूहळू वाळते. आपली भिंत तशी नाही. ती थरांची आहे व मध्ये पोकळी आहे. बाहेरच्या बोर्डाच्या सांध्यातून शिरलेले पाणी बोर्डाच्या मागच्या बाजूने ओघळते, ग्लासवूलमध्ये मुरते, पोलादी उभ्या पट्ट्यांवरून खाली उतरते आणि तळाच्या चॅनेलमध्ये (आडव्या पोलादी पट्टीत) साचते. हे सर्व आतल्या जिप्सम बोर्डाला स्पर्श न होता महिनोन्महिने चालू राहू शकते. म्हणूनच हाताला भिंत कोरडी लागते, मात्र वास येतो. आतून ओलरोधक रंग लावल्यास ही ओल बाहेर पडण्याचा उरलासुरला मार्गही बंद होईल आणि ठिपके काही महिने दिसेनासे होतील, एवढाच त्याचा परिणाम.

ओल कोठून येते हे ठरवण्यासाठी आधी तिची वेळ पाहावी. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, एक वही पुरते. पाऊस कोणत्या दिवशी झाला, वारा कोणत्या दिशेचा होता, झड लागली होती की सरळ सर आली, आणि त्यानंतर किती तासांनी वास वाढला, हे लिहून ठेवावे. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस झोडपून गेल्यावर काही तासांतच वास वाढत असेल तर पाणी भिंतीच्या सांध्यांतून किंवा खिडकीच्या कडेने येत आहे. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाल्यावर तो वाढत असेल तर जोत्याकडून चढणारी ओल किंवा छतावरून लांबचा रस्ता काढत आलेले पाणी यांचा संशय घ्यावा. पावसाशी काहीच संबंध दिसत नसेल तर नळाची जोडणी किंवा बाष्पाचे पाणी होणे, या दोन शक्यता उरतात. नळाची शंका सर्वांत स्वस्तात फिटते : रात्री सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा लिहावा व सकाळी पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर टाकीतील पाण्याच्या पातळीची खूण करावी.

त्यानंतर कपाटामागील भिंतीवर साधारण फूटभर चौरस ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवावी आणि दोन दिवसांनी पाहावी. खोलीकडच्या बाजूला दव दिसले तर ओल खोलीतील हवेची आहे. फॉइलच्या मागे, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दिसली तर ती भिंतीतून येते आहे. घर बांधून देणाऱ्यांच्या ‘पावसाळी दमटपणा’ या उत्तराची परीक्षा या एका फॉइलवर बऱ्याच अंशी होऊन जाते.

ओलावामापक यंत्र कोणी घेऊन आले तर त्याच्या आकड्यांवर भाबडा विश्वास ठेवू नये. दोन टोचण्यांचे यंत्र मुळात लाकडासाठी बेतलेले असते. बोर्डावर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो, एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना म्हणून वाचायचा असतो. टोचण्या नसलेले यंत्र तर बोर्डामागील पोलादी पट्टी आली की कोरड्या भिंतीतही मोठा आकडा दाखवते. उष्णता टिपणारा कॅमेरा उपयोगी आहे, पण तो पाणी पाहत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातील फरक पाहतो. त्यामुळे दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी निवत असतानाची वेळ त्यासाठी योग्य ठरते. ढगाळ दिवशी दुपारी घेतलेल्या चित्रांतून फारसे काही कळत नाही. या साधनांनी संशयाची जागा आखली जाते. खात्री मात्र भिंत उघडल्यावरच होते.

उघडायची जागा डागावरून ठरवू नये. पाणी जिथे दिसते तिथे ते शिरलेले नसते. आपल्या घरात मी पुढील क्रमाने पाहीन. पहिली जागा खिडकीचे खालचे दोन कोपरे. चौकट बसवताना तिच्याखाली दोन्ही बाजूंना व मागे वळवलेली, बाहेरच्या बाजूला उतार असलेली पत्र्याची किंवा जलरोधक पडद्याची पन्हळी घालावी लागते. ती बहुतेक ठिकाणी नसतेच आणि सारी भिस्त सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाच्या, एका रेषेवर टाकलेली असते. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती रंगाने किंवा सिमेंटने बुजलेली आहेत का हेही पाहावे. दुसरी जागा बोर्डांचे सांधे. टेक्स्चर रंगाखाली सांधा झाकलेला असतो, पण केसाएवढी उभी रेघ दिसत असेल तर तो उघडला आहे असे समजावे. गिरणाऱ्याच्या बाजूला पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. उथळ जोत्यावर उभे केलेले हलके घर तिच्याबरोबर किंचित हलते, आणि दोन हंगाम तग धरलेला सांधा तिसऱ्या पावसाळ्यात उघडतो. आपली पहिली दोन वर्षे निर्धास्त जाण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. तिसरी जागा तळ. बाहेरच्या बोर्डाची खालची कड जमिनीपासून निदान दीडशे मिलिमीटर वर हवी. घर उभे राहिल्यावर मागाहून पेव्हर ब्लॉक किंवा बागेची माती घालून जमीन वर आणली जाते, कड तिच्यात बुडते, आणि मग वळचणीच्या पागोळ्यांचे शिंतोडे व साचलेले पाणी बोर्ड खालून शोषून घेतो.

आतून उघडताना पूर्ण बोर्ड काढण्याची घाई नको. स्कर्टिंग आणि एखाद्या स्विचबोर्डची पाटी, अर्थात वीजपुरवठा बंद करून, काढली तरी तळाचे चॅनेल आणि ग्लासवूल यांची स्थिती बरीच कळते. तेथे ओल सापडली तर हातभर उंचीची जिप्समची पट्टी कापून काढावी. नंतर पाऊस नसलेल्या दिवशी बाहेरून पाण्याची चाचणी घ्यावी. नळीचे तोंड दाबून फवारा मारू नये, पाणी साधे सोडावे. सुरुवात तळापासून करून दर टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबत वर जावे, आणि आत एका माणसाने बॅटरी घेऊन उघड्या भागाकडे पाहत बसावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडूनच खाली येते आणि ते नेमके कोठून शिरले हे कधीच कळत नाही.

दोष सापडला की दुरुस्ती बाहेरून करायची, आणि ओला माल आत ठेवायचा नाही. भिजून बसलेले ग्लासवूल पुन्हा फुलत नाही, ते बदलावे. बुरशी लागलेला जिप्सम बोर्ड डागाच्या पलीकडे किमान फूटभरापर्यंत काढावा, कारण त्याचा कागद हेच बुरशीचे खाद्य असते. फायबर सिमेंट बोर्ड शाबूत असेल तर वाळवून ठेवता येतो. तळाच्या चॅनेलवर पांढरी भुकटी असेल तर जस्ताचा लेप झिजू लागला आहे. लाल गंज दिसला तर तो भाग स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय झाकू नये, कारण त्यावर घराचा भार आहे. पोकळी पंखा लावून पूर्ण वाळू द्यावी व मगच बंद करावी. पावसाळ्यात हे होत नाही, म्हणून पश्चिमेची बाजू तात्पुरती ताडपत्रीने झाकून कायमची दुरुस्ती दिवाळीनंतर केलेली बरी.

त्या दुरुस्तीत केवळ सीलंट बदलून घेऊ नका. बाहेरचा बोर्ड काढावाच लागणार असेल तर त्याच्या मागे बाष्प जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा लावून घ्यावा, त्याचा वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर येईल असा, कौले जशी एकावर एक येतात तसा. पडदा व बोर्ड यांच्यात वीस मिलिमीटरच्या आसपास पोकळी ठेवावी आणि ती तळाशी जाळी लावून उघडी ठेवावी. खर्च वाढेल हे खरे आहे. परंतु सीलंट उन्हाने म्हातारे होणारच आहे, तेव्हा आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट असलेली भिंतच आपल्याकडच्या झडीत टिकते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : महिरावणीजवळ आमचे सँडविच पॅनेलचे (दोन पत्र्यांमध्ये फोम असलेल्या फळ्यांचे) घर आहे. पावसाळ्यात एक थेंब गळत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी छताच्या आतल्या बाजूने थेंब टपकतात आणि भिंतीवर ठरावीक अंतरावर उभे ओले पट्टे उमटतात. पावसाविना गळती कशी?
— एक वाचिका, महिरावणी

उत्तर : हे पाणी बाहेरचे नाही, आपल्याच घरातील हवेचे आहे. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत जाते. प्रीफॅब घर विटांच्या घरापेक्षा अधिक हवाबंद असते आणि थंडीत आपण खिडक्याही लावून घेतो. खोलीत २२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे १६ अंशांवर त्या हवेचे दव पडू लागते. आपल्याकडे थंडीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. पॅनेलचा मधला फोम उष्णता अडवतो, पण जिथे पोलाद बाहेरून आतपर्यंत सलग गेलेले असते, म्हणजे उभे खांब, पॅनेलची जोडणी आणि छताच्या कैच्यांचे स्क्रू, तिथे आतला पृष्ठभाग १६ अंशांच्या खाली जातो व तेवढ्याच जागी पाणी धरते. आपले पट्टे ठरावीक अंतरावर आहेत, याचाच अर्थ ते पोलादी पट्ट्यांवर आहेत.

तातडीचा उपाय म्हणजे बाष्प जिथे तयार होते तिथूनच बाहेर काढणे. स्वयंपाकघराचा व न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा थेट घराबाहेर सोडलेला आहे ना, हे तपासावे. तो छताच्या पोकळीत सोडलेला असेल तर रोज तिथे पाणी साठते आहे असे समजावे. आंघोळीनंतर पंखा वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा, कपडे खोलीत वाळवू नयेत, आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक घेऊन खोलीतील आकडा साठच्या खाली राहतो का ते पाहावे. कायमचा उपाय मात्र पोलादाचा तो सलग मार्ग तोडणे हाच आहे : पट्टीच्या बाहेरच्या अंगाला फोमची अखंड चादर लावून त्यावर बोर्ड बसवणे.

आपण विचारलेले नाही, तरीही एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. वातानुकूलन यंत्र वापरणाऱ्या घरात पावसाळ्यात हीच क्रिया उलट्या दिशेने घडते. जुलैमध्ये बाहेर २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना त्या हवेचे दव सुमारे २४ अंशांवरच पडते. खोली २० अंशांवर ठेवली की बाहेरचे बाष्प भिंतीत शिरून आतल्या बोर्डाच्या मागच्या बाजूला पाणी धरते. अशा भिंतीवर आतून प्लास्टिकचा वॉलपेपर लावलेला असेल तर ते पाणी कधीच वाळत नाही. थंड प्रदेशांतील नकाशांत बाष्परोधक प्लास्टिक भिंतीच्या आतल्या बाजूला दाखवलेले असते आणि तिथे ते योग्यच असते. आपल्याकडे वातानुकूलित खोलीत ते जसेच्या तसे उचलणे घातक आहे. वॉलपेपर काढावा, यंत्र २५-२६ अंशांवर चालवावे, आणि त्याची निचऱ्याची नळी भिंतीतून बाहेरच्या बाजूला उतरती आहे का ते पाहावे. ती उलट उताराची असेल तर दररोज काही लिटर पाणी पॅनेलच्या पोटात जाऊ शकते.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ गच्चीवर प्रीफॅब खोली बांधली. भिंतींना पांढरे एमजीओ बोर्ड आहेत. झडीच्या दिवसांत बोर्डावर घाम आल्यासारखे थेंब येतात आणि स्क्रूभोवती तांबूस डाग पडतात. गळती कुठेही सापडत नाही.
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ते थेंब पुसलेला कापूस किंवा कागद प्रयोगशाळेत क्लोराइडसाठी तपासून घ्यावा. हे बोर्ड मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड यांच्या मिश्रणातून तयार होतात. मिश्रणाचे प्रमाण चुकले की क्लोराइड शिल्लक राहते, ते दमट हवेतील बाष्प ओढून घेते आणि खारट पाणी होऊन बोर्डावर येते. डेन्मार्कमध्ये २०१० नंतरच्या काही वर्षांत पुष्कळ नव्या इमारतींच्या बाह्यभिंतींत हे बोर्ड वापरले गेले. तिथल्या दमट हवेत ते पाझरू लागले, त्या पाण्याने धातूच्या जोडण्या गंजल्या आणि अनेक इमारतींवरून ते उतरवावे लागले. म्हणजे येथे गळती नसतानाही पोलादाला खाऱ्या पाण्याचा संसर्ग होतो आहे, आणि तो साध्या गळतीपेक्षा अधिक घातक आहे.

क्लोराइड सापडले तर रंग, सीलंट, लेप यांपैकी कशानेही हा दोष जात नाही. बोर्ड काढावेच लागतील. काढल्यावर चौकट साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, गंजलेले स्क्रू बदलून मगच नवा बोर्ड लावावा. मॅग्नेशियम सल्फेटवर आधारित बोर्डही बाजारात आहेत, त्यांत हा क्लोराइडचा दोष नसतो. खरेदी करताना मात्र दुकानदाराचा शब्द पुरेसा मानू नये, उत्पादकाचा चाचणी अहवाल मागावा. बाह्यभिंतीसाठी मी फायबर सिमेंट बोर्डच निवडीन. त्यासाठी आयएस १४८६२ हे भारतीय मानक आहे आणि बिलावर त्याचा उल्लेख करून घेता येतो.

प्रश्न : आमच्या प्रीफॅब बंगल्यात दुसऱ्याच वर्षी तळाच्या पट्ट्या गंजलेल्या सापडल्या. कंपनी परजिल्ह्यातील आहे. हमीपत्रात ‘ओलीमुळे होणारे नुकसान समाविष्ट नाही’ असे वाक्य आहे, त्यावर बोट ठेवून ती हात वर करते. शिवाय ‘बाकीच्या भिंतींत अजून काही झालेले नाही’ असेही म्हणते. आम्हाला कोठे दाद मिळेल?
— एक दांपत्य, अंजनेरी

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून जमीन आपली असून घर उभारून देण्याचा करार कंपनीशी झालेला आहे. अशा वेळी महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) जाण्याचा मार्ग सामान्यतः खुला नसतो. रेरा कायद्यातील, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला दोष प्रवर्तकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा, ही कलम १४ मधील तरतूद प्रकल्पातील घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. बंगल्यांच्या नोंदणीकृत प्रकल्पात घर घेतलेल्या वाचकांनी मात्र ती अवश्य वापरावी.

आपल्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यातील ‘सेवा’ या संज्ञेत घरबांधणीचा स्पष्ट समावेश आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे ती करता येते; म्हणजे कंपनी परजिल्ह्यातील असली तरी आपण नाशिकच्या आयोगाकडे जाऊ शकता. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. छुप्या दोषात तो कधी उघड झाला याला महत्त्व येते, म्हणून गंज दिसलेल्या दिवसाची लेखी नोंद आजच करून ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवून पाहण्यासही हरकत नाही, पण त्या वाट पाहण्यात दोन वर्षांची मुदत उलटू देऊ नये.

पुरावा नीट राखणे येथे सर्वांत महत्त्वाचे. भिंत आणखी उघडण्यापूर्वी कंपनीला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून संयुक्त पाहणीसाठी तारीख द्यावी. कंपनी आली नाही तर स्वतंत्र स्थापत्य अभियंत्यासमोर उघडावे, प्रत्येक थर काढण्याआधी व काढल्यावर मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, आणि गंजलेल्या पट्टीचा व भिजलेल्या बोर्डाचा एकेक तुकडा तारीख लिहून पिशवीत जपून ठेवावा. दुरुस्ती आधी उरकून मग तक्रार करणाऱ्यांची बाजू आयोगापुढे अकारण लंगडी पडते. हमीपत्रातील त्या वाक्याने खचून जाऊ नये. ओल हा परिणाम आहे. आपली तक्रार जोत्यावर ओलरोधक थर न घालता पट्टी बसवली, या कामातील दोषाविषयी आहे, आणि पत्रात ती तशीच मांडावी. तो थर नाही हे अर्थात अभियंत्याच्या पाहणीत दिसून आलेले असले पाहिजे.

‘अजून काही झालेले नाही’ या युक्तिवादाविषयी एक परदेशी निवाडा आपल्या वकिलांना सांगण्यासारखा आहे. स्वीडनमध्ये लाकडी चौकटीच्या घरांना फोमवर थेट गिलावा करून, मागे निचऱ्याची पोकळी न ठेवता, बाह्यभिंती केल्या गेल्या आणि आत शिरलेल्या पाण्याने चौकटी कुजू लागल्या. घरमालकांनी प्रीफॅब घरांच्या एका कंपनीविरुद्ध दावा केला. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती भिंतीची पद्धतच दोषयुक्त ठरवली. ओल शिरण्याचा अंगभूत धोका हाच दोष मानला. तो निवाडा आपल्या आयोगावर बंधनकारक नाही. तरीही चारही भिंती एकाच पद्धतीने बसवलेल्या असताना एक कुजेपर्यंत बाकीच्यांसाठी थांबायचे का, हा प्रश्न आयोगापुढे मांडण्यासाठी त्याचा आधार घेता येईल.

प्रश्न : घोटीजवळ सहा वर्षांचे प्रीफॅब फार्महाउस विकत घेण्याचा विचार आहे. नवा रंग दिलेला आहे. काय पाहावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : घोटीच्या पावसात घर घ्यायचे तर ते पावसाळ्यातच, शक्यतो दोन-तीन दिवसांची झड लागलेली असताना पाहावे, उन्हाळ्यातील व्यवहाराला निदान आषाढापर्यंत थांबवावे. घर उघडल्याबरोबर, खिडक्या उघडण्याआधी, आतला वास घ्यावा. छतावर चढणारा माहीतगार माणूस बरोबर न्यावा. सहा मीटरचा पत्रा उन्हाळ्यातील दुपार आणि हिवाळ्यातील रात्र यांतील सुमारे ५० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास कमीजास्त होतो, त्यामुळे स्क्रूची छिद्रे रुंदावतात आणि रबराचे वॉशर तडकतात. त्या माणसाला प्रत्येक ओळीतील काही वॉशर, आढ्याची टोपी आणि पन्हाळीचे सांधे पाहायला सांगावे. रंग सगळीकडे नवा आहे की पश्चिमेच्या व नैऋत्येच्या भिंतींवरच, हेही विचारावे; फक्त त्याच भिंती रंगवलेल्या असतील तर तिथेच शोध घ्यावा. न्हाणीघराच्या पाठीमागच्या खोलीतील स्कर्टिंग फुगले आहे का, हे बोटाने दाबून पाहावे.

मालकाने मान्य केले तर विसार देण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीचे दोन मीटर स्कर्टिंग आणि न्हाणीघरालगतची एक स्विचपाटी काढून आतील पट्टी पाहण्याची मुभा लेखी घ्यावी, आणि परत बसवण्याचा खर्च आपण द्यावा. मालक त्याला तयार नसेल तर त्या घराची किंमत ठरवताना पश्चिमेची पूर्ण भिंत नव्याने करण्याचा खर्च वजा धरूनच बोलणी करावीत.